आमची सुगी चित्रात बसत नाही

आमच्या शाळेच्या ऑफिसात मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे एक मोठी सीनरी लावलेली आहे. आखाती देशात नोकरीला गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याने ती चांगल्या फ्रेममध्ये बसवून भेट दिली. दोन्ही बाजूंनी उंच झाडं, मधून गेलेली गल्लीसारखी वाट, वाटेवर मेंढरं आणि एक कुत्रा. डाव्या हाताला पाण्याच्या डबक्यावर पालथा पडून पाणी पिणारा लाल बंडीतला पोरगा. वाट जिथं संपते तिथं पिकलेल्या गव्हाचं सोनेरी शेत. कोणी पाहुणा आला की हटकून म्हणतो, "वा, काय शांत वाटतं हो बघून!" मलाही वाटायचं. पंधरा वर्षं मी त्याच चित्राखाली बसून हजेरीपटाच्या बेरजा केल्या आहेत.

मागच्या जानेवारीत आमच्याकडे चित्रकला स्पर्धा झाली. विषय होता 'सुगी'. परीक्षक तिघे होते आणि त्यातली एक मी. चित्रकलेतलं मला फार कळत नाही; मी उर्दू आणि मराठी शिकवते. पण शाळेत ज्याचा तास मोकळा तो परीक्षक, असा नियमच असतो. साठ-सत्तर चित्रं आली. जवळपास सगळ्यांत दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळणावळणाची नदी, नारळाची दोन झाडं, कौलारू घर आणि डोक्यावर पेंढी घेऊन हसणारी बाई होती. बीड जिल्ह्यात नारळ कुठं आहेत, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

एक चित्र मात्र वेगळं होतं. सातवीतल्या एका मुलीने अर्धा कागद काळ्या खडूने भरून टाकला होता. काळ्यात दोन पिवळे गोळे, म्हणजे ट्रकचे दिवे. दिव्यांच्या उजेडात ट्रकला टेकवलेली एक फळी, आणि फळीवर एक बाई. बाईच्या डोक्यावर एवढी मोठी मोळी की तिचं तोंडच दिसत नाही. वाढ्यांचा हिरवा झुपका थेट खांद्यापर्यंत आलेला. खाली कोपऱ्यात एक कोपी आणि कोपीच्या तोंडाशी एक लहान मूल.

आम्ही ते चित्र बाजूला ठेवलं. कारणं दोन लिहिली. एक, 'विषयाला सोडून.' दोन, 'मानवाकृतीला चेहरा नाही.' खाली तिघांच्या सह्या आहेत. तिसरी माझी.

नंतर मी त्या मुलीला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि जरा समजावणीच्या सुरात विचारलं, "बेटा, सुगी काढायला सांगितली होती ना? मग ही रात्र का काढलीस?" ती खाली बघत म्हणाली, "आपा, हमारी सुगी तो रात कोच रहती."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर समजा. आणि ज्यांनी ज्यांनी अशा सह्या केल्या आहेत, त्या सगळ्यांशी घातलेलं भांडणही समजा.

सीनरीचं नाव-गाव

त्या दिवशी ऑफिसात बसले असताना मान वर गेली आणि सीनरीतल्या पोराकडे लक्ष गेलं. पालथा पडून पाणी पिणारा. त्यालाही चेहरा नाही! त्याचं तोंड पाण्यात आहे. त्याला आम्ही पंधरा वर्षं भिंतीवर मानाने ठेवलं, आणि आमच्याच वर्गातल्या मुलीच्या आईला चेहरा नाही म्हणून बाद केलं.

मग मी त्या चित्राचा पत्ता शोधून काढला. जॉन कॉन्स्टेबल नावाच्या इंग्रज चित्रकाराचं ते चित्र, नाव 'द कॉर्नफील्ड', साल १८२६. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. १८३७ साली कॉन्स्टेबल वारला आणि त्याच्या चाहत्यांनी वर्गणी काढून ते गॅलरीला दिलं. पुढे इंग्लंडमध्ये या चित्राच्या नकला घराघरांत पोचल्या. म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे जे टांगलंय, ते इंग्रजांच्या घरातलीही 'सीनरी'च होती.

कॉन्स्टेबल हा सफोक परगण्यातल्या ईस्ट बर्गहोल्ट गावचा. बाप धान्याचा मोठा व्यापारी, पाणचक्क्यांचा मालक. चित्रातली वाट म्हणजे लहानपणी शाळेला जायची त्याची वाट. चित्र मात्र त्याने लंडनच्या स्टुडिओत बसून, हिवाळ्यात रंगवलं. जुलै महिन्यात वाटेच्या कडेला कोणकोणती रानफुलं फुललेली असतात, हे एका वनस्पतीतज्ज्ञ मित्राने त्याला पत्राने कळवलं होतं. लांबवर दिसणारं चर्च त्या जागी नव्हतंच, ते त्याने चित्राच्या शोभेसाठी बसवलं, असं सांगतात.

यात चूक काही नाही. चित्रकार आहे, पाहिजे ते जोडील, नको ते गाळील. फुलांची एवढी चौकशी करणारा माणूस मला आवडतोसुद्धा. माझा प्रश्न एकच आहे. पिकलेल्या गव्हाच्या चित्रात त्याने फुलं बारकाईने काढली, झाडाची सालही काढली. मग गहू कापणारा माणूस गव्हाच्या कडेला बोटभर ठिपका का झाला?

गहू पिकला, कापतंय कोण?

दहा वर्षं मागे जा. १८१६ साली याच कॉन्स्टेबलने 'द व्हीटफील्ड' नावाचं चित्र प्रदर्शनात मांडलं होतं. त्यात कापणारे आहेत, आणि अगदी पुढ्यात खाली वाकून सांडलेल्या लोंब्या वेचणाऱ्या बाया-पोरं आहेत. आपल्याकडे कापणी झाल्यावर गरिबाच्या बाया सरवा वेचायला रानात जातात, तसंच. म्हणजे या माणसाला कापणारे दिसत नव्हते असं नाही. दिसत होते. दहा वर्षांत ते चित्राच्या पुढून मागे गेले.

या दहा वर्षांत तिथल्या रानात काय झालं? इतिहासाची पुस्तकं सांगतात ते थोडक्यात असं. १८१५ साली इंग्लंडच्या संसदेने धान्याचा कायदा केला. देशातल्या धान्याचा भाव ठरावीक पातळीच्या वर गेल्याशिवाय बाहेरचा गहू आत येऊ द्यायचा नाही. जमीनदाराचं भलं झालं, मजुराची भाकरी महागली. १८१६ साली, म्हणजे वेचणाऱ्या बायांचं चित्र भिंतीवर लागलं त्याच साली, त्या पूर्वेकडच्या परगण्यांत शेतमजूर उठले. 'भाकरी नाहीतर रक्त' ही त्यांची घोषणा होती. ईली गावात पाच जणांना फाशी दिलं गेलं. १८२२ साली पुन्हा सफोकमध्ये मळणीयंत्रं फोडली, गंजी पेटवल्या. जवळ नाहीतर लांब आग दिसत नाही अशी एकही रात्र जात नाही, असं गावाकडून भावाने कळवल्याचं कॉन्स्टेबलने स्वतःच मित्राला पत्रात लिहिलं आहे. १८३० साली तर दक्षिण आणि पूर्व इंग्लंडभर हे लोण पसरलं. एकोणीस जण फासावर गेले, शेकड्यांनी मजूर जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला धाडले. १८३४ साली डॉर्सेटच्या सहा मजुरांना तेवढीच शिक्षा झाली. त्यांचा गुन्हा संघटनेची शपथ घेतली, एवढाच.

चित्रातली वाट मात्र थंडगार आहे. पोरगा पाणी पितोय.

आपल्याकडेही हेच घडत होतं. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. पुढे १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून शेतकऱ्याचं घर कसं असतं ते वस्तूवस्तूने दाखवलं. त्या वेळी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, जे १८५७ साली सुरू झालं, आपली मुलं इंग्रजी पद्धतीने चित्रं काढायला शिकत होती. तिथून ती रीत शाळाशाळांत उतरली. दोन डोंगर, एक सूर्य आणि हसणारी बाई थेट कॉन्स्टेबलकडून आली असं मी म्हणत नाही. त्याचा हात कितीतरी मोठा. पण खेडं म्हणजे शांतता आणि सुगी म्हणजे आनंद, असं लांबून बघणाऱ्याचं डोळ्याचं वळण आहे. हे वळण मालकाचं. कापणाऱ्याचं नव्हे.

कोयता म्हणजे दोन माणसं

आता आमच्या जिल्ह्याची सुगी ऐका.

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, म्हणजे शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, केज या भागात, जमीन हलकी आणि पाऊस बेभरवशाचा. बाजरी निघाली, कापसाची पहिली वेचणी झाली, की दसरा-दिवाळीच्या सुमाराला गावं रिकामी व्हायला लागतात. ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. आमची रब्बीची ज्वारी ज्या दिवसांत हुरड्याला येते आणि कापणीला लागते, त्या दिवसांत ती खायला आणि कापायला गावात म्हातारी माणसंच उरलेली असतात. म्हणजे आमच्या माणसांची सुगी जिल्ह्याबाहेर, दुसऱ्याच्या रानात होते.

मुकादम उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात येऊन उचल देतो. 'एक कोयता' म्हणजे नवरा आणि बायको असे दोघे. बाई एकटी असेल किंवा गडी एकटा असेल, तर तो 'अर्धा कोयता'. या शब्दावर जरा थांबा. दोन जिवंत माणसांना हत्याराच्या नावाने मोजतात, आणि ते मोजमाप कागदावर तसंच लिहितात. एका कोयत्याला लाख-दीड लाखापर्यंत उचल मिळते. मग ती टनावारी फेडायची. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तेव्हा कुठं टनाला साडेतीनशेच्या पुढे आकडा गेला. दोघं मिळून दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतात, साळतात, मोळ्या बांधतात आणि गाडीत भरतात. कारखान्याची गाडी रात्री आली तर रात्री भरतात. आजारी पडलं, तोड बुडाली, की 'खाडा'. त्याचे पैसे उचलीत चढतात. सीझन संपला तरी उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षी परत जायचं.

'मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्या', ही पैगंबरांची शिकवण आपल्या मोहल्ल्यात लहान मुलालाही ठाऊक असते. उसाच्या फडात ती उलटी झाली आहे. इथं घाम यायच्या आधीच मजुरी हातावर ठेवतात आणि माणूस बांधून घेतात. घाम वाळून जातो, हिशोब मिटत नाही.

आणि बाईचं काय? तिच्या डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी, पायाखाली फळी, जवळपास न्हाणीघर नाही, संडास नाही. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गाजल्या, तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ बायांची माहिती घेतली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींमागे एक. माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया एका ओळीत उभ्या केल्या आणि सहा-सहाच्या रांगा केल्या, की मला हा आकडा कळतो.

त्या मुलीने काढलेल्या बाईला चेहरा नव्हता. मोळी डोक्यावर असताना खरोखरच चेहरा दिसत नाही. तिने पाहिलं तेच काढलं. आदल्या वर्षी ती आई-बापाबरोबर फडावर होती. कोपीच्या तोंडाशी बसलेलं मूल म्हणजे तिचा लहान भाऊ, आणि त्याला सांभाळणारी तीच. चित्रात मात्र ती स्वतः नाही, कारण ती बघणारी आहे. हे आम्हा तिघा परीक्षकांच्या डोक्यातही आलं नाही.

'चित्र आहे, चित्रासारखं बघा'

हे सगळं मी स्टाफरूममध्ये बोलले तेव्हा एक सहकारी म्हणाले, "मॅडम, तुम्ही प्रत्येक गोष्टीत राजकारण आणता. पोरांनी दोन घटका सुंदर काही काढावं, एवढंच तर आहे. दुःख आहेच, ते कागदावर कशाला?"

हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. सुंदर बघायचा हक्क ऊसतोडीच्या पोरालाही आहे. किंबहुना त्यालाच जास्त आहे. एखाद्या मुलीने फडावरून आल्यावर फुलपाखरू काढलं, तर मी तिला 'कोयता काढ' म्हणून सांगणार नाही. पण आमच्या इथं झालं ते उलट आहे. मुलीने आपण होऊन जे काढलं, त्याला आम्ही सुगी मानायला नकार दिला. नारळाची खोटी झाडं विषयाला धरून ठरली आणि तिची खरी आई विषयाला सोडून. यात राजकारण आणलं कोणी, तिने की आम्ही?

दुसरा मुद्दा, असं दुःखाचं चित्र 'कलात्मक' नसतं. त्याच इंग्लंडमध्ये १८८५ साली ह्यूबर्ट फॉन हर्कोमर नावाच्या चित्रकाराने 'हार्ड टाइम्स' नावाचं चित्र काढलं. ते मँचेस्टरच्या कलादालनात आहे. ओसाड वाट, कडेला दमून बसलेली बाई, तिला बिलगलेली लेकरं, जमिनीवर पडलेली अवजारं आणि फाटकाला टेकून लांब बघणारा नवरा. कामाच्या शोधात निघालेलं मजुराचं कुटुंब. हे चित्र तुम्ही दिवाळीनंतर आमच्या एखाद्या फाट्यावर, ट्रकची वाट बघत बसलेल्या बिऱ्हाडाशेजारी धरलं, तर फक्त टोप्या आणि झगे बदलावे लागतील. वाटेचं चित्र तेही आहे. त्यात माणूस लहान नाही, एवढंच. तेव्हा असं चित्र निघू शकत नाही असं नाही. आपण कोणतं भिंतीवर लावतो, हा प्रश्न आहे.

आणखी एक गोष्ट मान्य करते. कॉन्स्टेबलने आपल्याशी बेइमानी केलेली नाही. त्याने आपल्या गावाची आठवण रंगवली आणि ढग, पाणी, पानं यांवर जीव ओतला. त्याची आठवण आमच्या मुलांना मोजायची फूटपट्टी झाली, हा दोष त्याचा नाही. तो आमचा, मास्तरांचा आहे.

सीनरी आणि आपण

आता जरा आपल्या घरात येऊ.

माझ्या माहेरी दिवाणखान्यात एक सीनरी होती. बर्फाचा डोंगर आणि तळं. उरूसाच्या बाजारातून अब्बांनी आणलेली. घरात जिवंत माणसाचं, जनावराचं चित्र लावायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून भिंत कोरी राहू नये यासाठी काबा-मदिन्याची चित्रं, खुशखत लिहिलेली आयत, आणि माणूस नसलेली सीनरी. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी हेच असेल. शाळेतल्या त्या सीनरीबद्दलही आमच्या एका बुजुर्ग सदस्यांनी शंका काढली होती, आणि 'पोराचं तोंड दिसत नाही, म्हणून चालतंय' असा तोडगा निघाला होता.

या रीतीमागे श्रद्धा आहे आणि त्या श्रद्धेचा मला आदर आहे. चित्राची पूजा होऊ नये, माणसाने घडवणाऱ्याची जागा घेऊ नये, ही त्यातली भीती खरी आहे. माझं भांडण तिथं नाही. भिंतीवरून माणूस उतरवता उतरवता आपण तो बोलण्यातूनही उतरवला, तिथं आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांत वंजारी आहेत, मराठा आहेत, दलित आहेत, बंजारा आहेत. आणि आपलीही माणसं आहेत. जानेवारीत उर्दू शाळांच्या हजेरीपटावर ज्या नावांपुढे सलग गैरहजेरी लागते, ती पोरं कुठं गेली हे प्रत्येक मास्तराला माहीत असतं. पण आपल्या जलशांत, इज्तिमांत, शैक्षणिक परिषदांत आपण स्पर्धा परीक्षा, आरक्षण, हिजाब, उर्दूची दुर्दशा यांवर तासन्‌तास बोलतो. हे सगळे विषय जरूर आहेत. फडावर गेलेल्या पोराचा विषय मात्र मी आजवर एकाही मंचावरून ऐकला नाही. 'मुसलमान म्हणजे कारागीर, व्यापारी, मेकॅनिक' असं आपलंही एक चित्र ठरलेलं आहे. त्यात कोयता बसत नाही.

कुरआनात पिकाचा हक्क कापणीच्या दिवशीच द्यायला सांगितलं आहे. आपण त्यावरून उश्रचे मसले काढतो: किती मणाला किती, पाणी विहिरीचं असेल तर किती. काढावेतच. पण कापणीचा दिवस म्हटला की तिथं कापणारा उभा असतो, आणि त्याच्याकडे बघितल्याशिवाय तो हक्क पुरा होतो का, हे मी आलिम लोकांना नम्रपणे विचारू इच्छिते.

कोटितीर्थाच्या काठी

मुसलमान आणि चित्रकला हा विषय निघाला की लोक एकतर हुसेनचं नाव घेतात नाहीतर विषय बदलतात. मी तुम्हाला दुसरं नाव देते. कोल्हापूरचे आबालाल रहिमान. जे. जे. मध्ये शिकले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले, १९३१ साली वारले. ब्रिटिश पद्धतीचं शिक्षण त्यांनी पुरेपूर घेतलं होतं. त्यांना सफोकची वाट सहज काढता आली असती. त्यांनी काय काढलं? कोल्हापुरातलं कोटितीर्थ तळं. त्या तळ्याकाठी ते राहिले, आणि वेगवेगळ्या वेळच्या उजेडात तेच पाणी, तीच झाडं रंगवत राहिले.

त्यांच्या चित्रांत ऊसतोड नाही, हे मला माहीत आहे. ते निसर्ग रंगवणारे कलावंत होते आणि साखर कारखान्यांचा काळ त्यांच्यानंतरचा. मला त्यांच्याकडून एकच गोष्ट घ्यायची आहे. हात परक्याकडून शिकावा, डोळे मात्र दाराबाहेर जे आहे त्यावर ठेवावेत. आज त्याच कोल्हापूरकडे आमच्या जिल्ह्यातल्या टोळ्या जातात. तिथल्या एखाद्या फडाच्या कडेला रात्री ट्रकच्या दिव्यात आमच्या सातवीतल्या मुलीने जे बघितलं, ते तिने दाराबाहेरचंच बघितलं होतं. चार महिने तेच तिचं दार होतं.

तर मग काय करायचं?

राज्यात ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे, गावात हंगामी वसतिगृहं चालतात. कुठं नीट चालतात, कुठं कागदावर चालतात. त्यावर वेगळं लिहीन. आज मी फक्त आमच्या हातातल्या गोष्टीबद्दल बोलते, कारण शासनाला शिव्या देणं सोपं असतं आणि आपली सही मागे घेणं अवघड.

शिक्षक भाऊ-बहिणींनो, 'सुगी', 'माझे गाव', 'दिवाळीची सुट्टी' हे विषय देताना जरा थांबा. ज्या पोराची दिवाळीची सुट्टी ट्रकच्या हौद्यात सुरू होते, त्याला निबंधात मामाच्या गावाला पाठवू नका. त्याने फडाचं लिहिलं तर 'विषयांतर' असा लाल शेरा मारू नका. फळी, मोळी, वाढे, पाचट, कोपी, खाडा हे शब्द त्याच्या वहीत येऊ द्या. उर्दूच्या वहीतही येऊ द्या, उर्दू त्याने बाटत नाही. मुलाला आपल्या आईचं काम लपवायला शिकवणारी शाळा त्याला आणखी काहीही शिकवो, खरं बोलायला शिकवू शकत नाही.

संघटनांच्या लोकांना विनंती की पुढच्या शैक्षणिक परिषदेत एक तास या पोरांना द्या. आकडे नसले तर आमचे हजेरीपट घ्या. नोव्हेंबर ते मार्च उघडून बघितले की पुरे.

आणि माझ्यापुरतं. स्पर्धेचा निकाल लागून गेला आहे, बक्षिसं वाटून झाली आहेत, तो आता फिरवता येत नाही. मी त्या मुलीची माफी मागितली. ती गोंधळली, कारण मोठ्यांनी माफी मागायची तिला सवय नाही. मग तिच्याकडून ते चित्र मागून घेतलं. फ्रेमवाल्याने दोनशे ऐंशी रुपये घेतले. मुख्याध्यापकांनी आधी कां-कूं केलं, मग म्हणाले, "ठीक आहे मॅडम, पण ती सीनरी नका काढू, देणाऱ्याला वाईट वाटेल." मला ती काढायची नव्हतीच. तीही राहू दे.

आता दोन्ही चित्रं एकाच भिंतीवर आहेत. पाहुणे अजूनही सीनरीकडे बघून 'वा' म्हणतात. मग नजर बाजूला जाते आणि विचारतात, "हे काय आहे?"

मी सांगते, "हीपण सुगीच आहे. बसा, सांगते."